३५२ मेगाहर्ट्झ कॅव्हिटीचं हाय पॉवर कंडिशनिंग: सुरक्षा आराखड्यात काय राहून जातंय?

तरंगलांबी

नमस्कार मंडळी. प्रोटॉन लिनॅकसाठीच्या (प्रोटॉनांना सरळ रेषेत वेग देणाऱ्या यंत्रासाठीच्या) एका तांब्याच्या, एकच गॅप असलेल्या कॅव्हिटीचं (जिच्या पोकळीत वेग देणारं आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींचं, क्षेत्र उभं राहतं) हाय पॉवर कंडिशनिंग, म्हणजे पॉवर पायरीपायरीने चढवून तिला सवय लावणं, करायचं आहे. आराखडा सुरक्षा समितीपुढे जाण्याआधी इथल्या जाणत्यांच्या नजरेखालून जावा, म्हणून सगळे आकडे देऊन मांडतो.

फ्रिक्वेन्सी ३५२.२१ मेगाहर्ट्झ. क्लिस्ट्रॉन (आरएफ पॉवर वाढवणारी नळी) १ मेगावॉट सीडब्ल्यू, म्हणजे सलग चालणाऱ्या, क्लासचा, पण तो ७० केव्ही, १२ अँपिअरवर चालवणार. पीक आउटपुट ५०० किलोवॉट. एचव्ही (हाय व्होल्टेज) सप्लाय डीसी आहे. पल्स मिळते ती आरएफ ड्राइव्ह (क्लिस्ट्रॉनला जाणारा छोटा सिग्नल) गेट करून: १ मिलिसेकंदाची, सेकंदाला १०. म्हणजे ड्यूटी (चालू वेळेचं प्रमाण) १ टक्का, सरासरी ५ किलोवॉट. एचव्ही फिल्टरचा कपॅसिटर २ मायक्रोफॅरड, त्याच्यावर चार्ज उतरवणारा ५ मेगाओमचा ब्लीडर रेझिस्टर. क्लिस्ट्रॉन, सर्क्युलेटर (परतणारी पॉवर क्लिस्ट्रॉनकडे जाऊ न देणारा), मग डब्ल्यूआर-२३०० वेव्हगाइड (आरएफ वाहून नेणारी धातूची चौकोनी नळी) १८ मीटर, आणि भिंतीतून आत कॅव्हिटीच्या केबिनमध्ये. कॅव्हिटीचा शंट इम्पीडन्स ८ मेगाओम (व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवर या व्याख्येने). केबिनची भिंत नऊ इंची विटेची.

सध्याच्या मसुद्यात असं आहे: दार उघडलं की पिन डायोड स्विच ड्राइव्ह तोडतो. वेव्हगाइडच्या लीकेजचं गणित सरासरी ५ किलोवॉट धरून केलंय. बीम नसल्यामुळे रेडिएशनसाठी वेगळं शिल्डिंग धरलेलं नाही, मात्र दाराबाहेर एक जीएम (गायगर-म्युलर) सर्व्हे मीटर ठेवणार. एचव्ही बंद केल्यावर एक मिनिट थांबून पॅनेल उघडायचं.

प्रश्न असे: या फ्रिक्वेन्सीला माणसांसाठी मर्यादा किती धरायची? वेव्हगाइडचा एखादा फ्लॅन्ज (जोडाची बोल्टची कड) उघडा राहिला तर ते कळणार कसं? दाराचा इंटरलॉक (धोका दिसताच आपोआप बंद करणारी सोय) एवढा पुरेल का? आणि एक्स-रेचं खरंच काही करावं लागेल का?

---

मायक्रोतरंग

आकडे दिलेत हे बरं केलंत. आधी मर्यादा. इकनिर्प (आयनीकरण न करणाऱ्या किरणांपासून संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग) या संस्थेच्या २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ३० ते ४०० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कामगारांसाठी १० वॉट प्रति चौरस मीटर, विद्युत क्षेत्रात सांगायचं तर ६१ व्होल्ट प्रति मीटर. सर्वसामान्यांसाठी २ वॉट प्रति चौरस मीटर, म्हणजे २७.७ व्होल्ट प्रति मीटर. पूर्ण शरीराची सरासरी ३० मिनिटांची. गॅलरीत पाहुणे, विद्यार्थी, सफाईचे लोक येणार असतील तर तिथे २ हाच आकडा धरा.

आता तुमच्या ड्यूटीच्या गणिताकडे. १ टक्का ड्यूटी तुमच्या यंत्रणेत फक्त टायमिंग कार्डाच्या भरवशावर उभी आहे. एचव्ही डीसी, क्लिस्ट्रॉन सीडब्ल्यू चालू शकणारा. गेट चिकटलं तर ५०० किलोवॉट सलग बाहेर पडेल, सरासरी एकदम शंभरपट. लीकेजचं गणित त्या स्थितीला धरून करा. फ्लॅन्जमधून उणे ४० डीबी, म्हणजे दहाहजारावा भाग, गळतंय असं माना. पल्सने चालवताना सरासरी अर्धा वॉट, ३० सेंटिमीटरवर सगळीकडे सारखं पसरलं तर ०.४४ वॉट प्रति चौरस मीटर, कागदावर अगदी निर्धास्त. गेट चिकटलं की तेच ५० वॉट होतात आणि त्याच जागी ४४ वॉट प्रति चौरस मीटर. शिवाय फट ही लांबट असते, एका दिशेला जास्त फेकते, तेव्हा यात आणखी काही पट धरावी लागते.

ड्यूटीचा फायदा घ्यायचाच असेल तर टायमिंगपासून पूर्ण स्वतंत्र असा हार्डवेअर पल्स-लिमिटर लावा: फॉरवर्ड पॉवरच्या डिटेक्टरवरून १.५ मिलिसेकंदाच्या वर पल्स गेली की एचव्ही ट्रिप. सॉफ्टवेअरमधली मर्यादा यात मोजू नका. त्या कॅव्हिटीचं पाणीही ५ किलोवॉटसाठीच असणार, तेव्हा हा लिमिटर कॅव्हिटीसाठीही लागेलच.

फ्लॅन्जबद्दल. ३५२ हा आकडा सर्नच्या लेप या जुन्या कोलायडरमुळे रूढ झाला, तिथले क्लिस्ट्रॉन पुढे सर्नच्याच लिनॅक४ला वापरले गेले, ट्रॉम्ब्याच्या लेहिपा या प्रोटॉन लिनॅकचीही हीच फ्रिक्वेन्सी. त्यामुळे डब्ल्यूआर-२३००ची दुखणी ठाऊक आहेत. नळी ५८४ बाय २९२ मिलिमीटरची, फ्लॅन्जवर बोल्ट भरपूर, आणि वरच्या बाजूचे बोल्ट शिडीवरून हात पोचत नाही म्हणून हातानेच आवळलेले राहतात. टॉर्क पान्याने समोरासमोरच्या क्रमाने दोन फेऱ्यांत आवळा, आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर मार्करची रेघ ओढा. रेघ नाही तो बोल्ट सैल समजायचा.

त्यानंतर, एचव्हीला हात लावण्याआधी, स्निफर चाचणी, म्हणजे छोट्या पॉवरवर गळती हुंगून शोधणं. क्लिस्ट्रॉनच्या जागी अडॅप्टरमधून सिग्नल जनरेटर आणि छोट्या अँप्लिफायरने १ वॉट, म्हणजे ३० डीबीएम सोडा. सेमी-रिजिड केबलच्या टोकाला दोन सेंटिमीटरचा लूप करून तो स्पेक्ट्रम अॅनालायझरला जोडा आणि प्रत्येक फ्लॅन्जच्या चारही कडांवरून, दर बोल्टाशी थांबत, लूप दोन्ही दिशांना वळवून फिरवा. चांगल्या फ्लॅन्जवर रेघ जवळपास नॉइजमध्ये बुडालेली दिसते. खोट असलेल्या जागी ती दोन बोल्टांच्या अंतरात २०–३० डीबीने उसळते. तिथला फ्लॅन्ज उघडला की बहुधा तीनपैकी एक सापडतं: धातूच्या गॅस्केटची जाळी आत दुमडलेली, फ्लॅन्जच्या तोंडावर रंगाचा ओघळ, किंवा अॅल्युमिनियमवर काळपट ऑक्साइडचा पट्टा. सफाई करायची ती स्कॉच-ब्राइटने आणि आयसोप्रोपिलने, पॉलिश पेपरने नाही. त्याचे खडे तोंडात रुततात.

चालू असताना फ्लॅन्ज उघडला तर कळायला दाबाचा इंटरलॉक लावा. वेव्हगाइडमध्ये बाहेरच्या दाबाहून १० मिलिबार जास्त दाबाची कोरडी हवा, ५ मिलिबारच्या खाली गेलं की ट्रिप, २० मिलिबारला रिलीफ व्हॉल्व्ह. यापेक्षा जास्त दाबाच्या मोहात पडू नका: १० मिलिबारलाच रुंद बाजूच्या दर मीटरवर सुमारे ६० किलोचा जोर येतो. यात दोन गोष्टी चुकतात. पहिली, हवा पुरवणारी लाइन इतकी दणकट असते की फ्लॅन्ज उघडला तरी दाब पडतच नाही. लाइनमध्ये बारीक ओरिफिस टाका आणि एक फ्लॅन्ज मुद्दाम सैल करून ट्रिप येतो का ते पाहा. दुसरी, फ्लॅन्जला दोन सील असतात, हवेसाठी बाहेरचा रबरी आणि आरएफसाठी आतला धातूचा. रबरी बसला आणि धातूचा विसरला, तर दाब उत्तम आणि आरएफ बाहेर. म्हणून दाबाचा इंटरलॉक आहे या कारणाने स्निफर चाचणी गाळायची नाही. १८ मीटरमध्ये तीन घनमीटर वायू मावतो. नायट्रोजन भरलात तर केबिनमधल्या ऑक्सिजनचाही विचार करावा लागेल, कोरड्या हवेत तो प्रश्नच नाही.

मोजणीच्या मीटरबद्दल: पल्स असताना डायोड प्रोबवर विसंबू नका, थर्मोकपल प्रोब घ्या. फ्लॅन्जपासून १०–१५ सेंटिमीटरच्या आत विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र वेगवेगळं मोजावं लागतं.

---

किरणमापी

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण मसुद्यातली सगळ्यात धोक्याची ओळ तीच आहे. बीम नाही म्हणून रेडिएशन नाही, हे हाय पॉवर कॅव्हिटीला लागू होत नाही. तांब्याच्या पृष्ठभागावरून फील्ड एमिशनने (तीव्र विद्युत क्षेत्राच्या ओढीने) इलेक्ट्रॉन निघतात, गॅपमध्ये वेग घेतात आणि समोरच्या भिंतीवर आदळून एक्स-रे देतात. तुमच्याच आकड्यांनी: ८ मेगाओम गुणिले ५०० किलोवॉट, त्याचं वर्गमूळ २ एमव्ही. म्हणजे जवळपास २ एमईव्हीपर्यंतचे फोटॉन. हा दातांच्या डॉक्टरकडचा ७० केव्हीचा एक्स-रे नाही. या ऊर्जेला दहापट घट करायला साधारण ४ सेंटिमीटर शिसं किंवा २०–२५ सेंटिमीटर काँक्रीट लागतं. नऊ इंची विटेची भिंत जेमतेम पाच-सहापट कमी करेल. आणि दाराला शिसं नसेल तर भिंतीचा उपयोगही दारापाशी संपतो.

इलेक्ट्रॉन मुख्यतः कॅव्हिटीच्या अक्षावरच धावतात. त्यामुळे कॅव्हिटी ठेवतानाच तिचा अक्ष दाराकडे किंवा वेव्हगाइडच्या भोकाकडे रोखलेला नको. ते भोक ५८ बाय २९ सेंटिमीटरचं आहे, भिंतीतली खिडकीच समजा. आतून वेव्हगाइडला एक बेंड द्या, भोक माणसाच्या डोक्याच्या वर घ्या, नळीभोवतीची फट काँक्रीटच्या ठोकळ्यांनी पायरीपायरीने भरा म्हणजे सरळ रेघ उरणार नाही. कॅव्हिटीच्या दोन्ही टोकांना शिशाच्या विटा अगदी जवळ रचल्या तर शिसं कमी लागतं.

न्यूट्रॉनची चिंता तांब्यात नाही, त्याचा उंबरठा ९.९ एमईव्ही आहे. पण व्ह्यूपोर्ट किंवा खिडकी बेरिलियमची असेल तर तिचा उंबरठा १.६७ एमईव्ही, तुमच्या २च्या खाली. मटेरियलची यादी तपासा.

जीएम मीटर बदला. जीएम नळीचा डेड टाइम १०० मायक्रोसेकंदांच्या घरात, आणि तुमची पल्स १ मिलिसेकंदाची. एका पल्समध्ये नळी फार तर दहाएक वेळा मोजू शकते, म्हणजे सेकंदाला शंभराच्या आसपास. खरा डोस कितीही वाढला तरी मीटर त्याच आकड्याला चिकटून बसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की वाचन स्थिर आहे. कंडिशनिंगच्या सुरुवातीला पल्स ५०–१०० मायक्रोसेकंदांची ठेवाल तेव्हा तर पल्सला एकच काउंट, सेकंदाला दहा. आयन चेंबर घ्या. तोही आरएफने फसू शकतो, म्हणून एकदा मीटरला साध्या अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून बघा. फोटॉन फॉइलमधून सहज जातात, आरएफ अडतं. वाचन पडलं तर ते आरएफचं होतं. अंगावर लावायच्या, डोस मोजणाऱ्या टीएलडी बॅजला आरएफचा त्रास नाही, पण तो तिमाहीने बोलतो. रोजच्या निर्णयाला तो कामाचा नाही.

पॉवर चढवताना प्रत्येक पायरीला, ५०, १००, २००, ३००, ४००, ५०० किलोवॉटला, ठरलेल्या त्याच जागांवर मोजा: दार, भोक, गॅलरी, छत. खालच्या पायऱ्यांवरून सरळ रेघ ओढून वरचा अंदाज करू नका. ४०० ते ५०० या पायरीत फील्ड वाढतं फक्त १२ टक्के, पण डोस सहज चौपट होतो, कारण फील्ड एमिशन फार तिरपं चढतं. ब्रेकडाउनच्या वेळचे झटके वेगळेच.

लक्ष्य काय धरायचं? एईआरबीच्या (अणुऊर्जा नियामक मंडळाच्या) मर्यादा: किरणोत्सर्ग कामगाराला पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३०च्या वर नाही, जनतेला वर्षाला १. बाहेरच्या गॅलरीत ०.५ मायक्रोसिव्हर्ट प्रति तास ठेवलंत तर २००० तासांत बरोबर १ मिलिसिव्हर्ट होतो. डिझाइन त्या आकड्याला करा. मंजुरीचा अर्ज एक्स-रे धरूनच जायला हवा.

क्लिस्ट्रॉनही विसरू नका. ड्राइव्ह नसतानाही त्यात ७० केव्हीचा इलेक्ट्रॉन बीम धावत असतो. त्याला दोन-तीन मिलिमीटर शिशाची कॉलर पुरते, पण आउटपुट गॅपपाशी काही इलेक्ट्रॉनांना आरएफमुळे डीसीहून बरीच जास्त, दुप्पटीच्या आसपासही, ऊर्जा मिळते. सर्व्हिसिंगनंतर कॉलरचा एक अर्धा भाग परत बसवायचा राहतो, ही ठरलेली चूक आहे. त्या कॉलरवर मायक्रोस्विच लावा.

---

अर्थिंगआधी

दार आणि एचव्हीबद्दल.

पिन स्विच हा माणसांच्या सुरक्षेचा भाग होऊच शकत नाही. तो बिघडला तर चालू स्थितीतच अडकू शकतो. शिवाय तो तोडतो फक्त ड्राइव्ह. एचव्ही चालू, क्लिस्ट्रॉनचा ४० डीबीच्या घरातला गेन तसाच उभा, आणि आत माणूस. दार उघडल्यावर दोन वेगळ्या प्रकारच्या गोष्टी तुटायला हव्यात: एक एचव्हीचा मेन कॉन्टॅक्टर, दुसरी ड्राइव्ह अँप्लिफायरची मेन सप्लाय. दोन्ही स्वतंत्र साखळ्यांनी, स्वतंत्र केबलने, फोर्स-गाइडेड रिलेवरून. कॉन्टॅक्टरचे पॉइंट वेल्ड होतात, म्हणून त्याचा मिरर कॉन्टॅक्ट (मुख्य पॉइंट खरंच सुटले का ते दाखवणारा) परत वाचून घ्या. तो बंद झालेला दिसला नाही तर पुढच्या वेळी चालूच होऊ नये. तपासणी करताना दोन्ही साखळ्या एकदमच तपासू नका. एक मेलेली असली तरी दुसरी ट्रिप देते आणि फॉर्मवर टिकमार्क पडतो. एक मुद्दाम अडवून दुसरी, मग उलट.

व्हॅक्यूम, आर्क डिटेक्टर, रिफ्लेक्टेड पॉवर, पाण्याचा फ्लो, हे ट्रिप मायक्रोसेकंदांत येवोत नाहीतर सेकंदांत, ते यंत्राच्या रक्षणाचे. ते साध्या पीएलसीत (प्रोग्रॅम करता येणाऱ्या कंट्रोलरमध्ये) चालतील. माणसांची साखळी त्याच पीएलसीत घालू नका. समितीला दाखवायच्या आकृतीतच दोन वेगळे रंग ठेवा.

दार उघडून यंत्र बंद करणं ही रोजची पद्धत होता कामा नये. ट्रॅप्ड-की ठेवा: एचव्ही आयसोलेटर उघडून अर्थ केल्याशिवाय किल्ली सुटत नाही, आणि त्याच किल्लीने केबिन उघडते. आत जाणारा किल्ली खिशात घेऊन जातो. आतून सर्च बटणं अशा जागी लावा की ती दाबायला कॅव्हिटीच्या मागे जावंच लागेल. शेवटचं बटण दाबल्यावर ३० सेकंद भोंगा, आणि आत हात पोचेल तिथे इमर्जन्सी स्टॉप.

क्लिस्ट्रॉन डमी लोडवर चालवायचा आणि त्याच वेळी केबिनमध्ये काम करायचं असेल, तर वेव्हगाइडमध्ये शॉर्टिंग प्लेट बोल्टने बसवून तिला कुलूप लावा. वेव्हगाइड स्विचच्या दिव्यावर भरवसा नको.

आता तुमचं एक मिनिट. २ मायक्रोफॅरड ७० केव्हीला ४.९ किलोज्यूल साठवतो. ब्लीडर ५ मेगाओम, म्हणजे टाइम कॉन्स्टंट १० सेकंद. ६० सेकंदांनी अजून पावणेदोनशे व्होल्ट उरलेले असतात, आणि तेही ब्लीडर धड असेल तरच. तो तुटलेला असेल तर पूर्ण ७० केव्ही तसंच. म्हणून घड्याळावर पॅनेल उघडायचं नाही, अर्थ रॉडवर उघडायचं. आधी रेझिस्टरवाला हूक, मग थेट हूक, आणि काम संपेपर्यंत थेट हूक टर्मिनलवर लटकलेलाच राहतो, कारण डायइलेक्ट्रिकमध्ये मुरलेला चार्ज परत वर येतो. रॉडची वायर पारदर्शक आवरणातली घ्या म्हणजे आतली वेणी तुटली तर दिसते. रॉड जागेवर टांगलेला नसेल तर एचव्ही चढू नये, एवढं एक मायक्रोस्विच त्याच्या खुंटीला द्या. क्रोबार (एचव्ही क्षणात शॉर्ट करणारी सोय) हे क्लिस्ट्रॉनला आर्कच्या वेळी वाचवण्यासाठी असतं, माणसासाठी ते मोजायचं नाही.

आणखी एक: ड्राइव्ह बंद आणि एचव्ही चालू असताना ७० गुणिले १२, म्हणजे ८४० किलोवॉट सगळेच्या सगळे कलेक्टरमध्ये जातात. २० अंशांची वाढ धरली तर मिनिटाला ६०० लिटर पाणी. फ्लो स्विचचं पातं गाळाने चालू स्थितीत अडकतं, म्हणून फ्लोबरोबर आउटलेटचं तापमानही ट्रिपला जोडा. खिडकीचं किंवा लोडचं सिरॅमिक फुटलं तर ते बेरिलिया (बेरिलियम ऑक्साइड) आहे का हे डेटाशीटवरून ठरेपर्यंत झाडू मारू नका, घासू नका. बेरिलियाची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते.

---

तरंगलांबी

मनापासून आभार. मसुदा असा बदलतोय: लीकेज सीडब्ल्यू धरून, स्निफर चाचणी आणि दाबाचा इंटरलॉक दोन्ही, आयन चेंबर, दोन साखळ्या, ट्रॅप्ड-की, आणि केबिनच्या आत कॅव्हिटीच्या दोन्ही टोकांना शिसं. अक्ष सध्या दाराच्या दिशेला आहे, तो नव्वद अंशांत फिरवता येईल.

दोन शंका. स्निफर चाचणीला केबिनमध्ये माणूस हवा आणि दार उघडं हवं, मग इंटरलॉक बायपास करायचा का? आणि त्याच हॉलमध्ये आयन सोर्स आहे, त्याचा मॅग्नेट्रॉन २.४५ गिगाहर्ट्झचा. तो या आराखड्यात यावा का?

---

मायक्रोतरंग

बायपास नको, गरजच नाही. १ वॉटचा जनरेटर क्लिस्ट्रॉनच्या जागी, म्हणजे क्लिस्ट्रॉनचा आउटपुट वेव्हगाइडपासून सुटा केलेला आणि एचव्ही आयसोलेटर कुलपात. ट्रॅप्ड-की केबिनमध्ये तुमच्याजवळ. हीच तर इंटरलॉकची योग्य स्थिती. सुट्या केलेल्या क्लिस्ट्रॉनच्या तोंडाला ब्लँकिंग प्लेट लावा आणि चाचणी संपल्यावर तो जोड परत बसवताना त्या एका फ्लॅन्जची स्निफर चाचणी राहून जाते, हे ध्यानात घ्या. त्या जोडासाठी पहिल्या ५ किलोवॉटला, एचव्ही चालू असताना, गॅलरीतून लांब काठीवरच्या प्रोबने मोजायचं, कॉलरच्या बाहेरूनच.

मॅग्नेट्रॉन आराखड्यात यायलाच हवा. त्याची मर्यादा वेगळी: २ गिगाहर्ट्झच्या वर कामगारांना ५० आणि सर्वसामान्यांना १० वॉट प्रति चौरस मीटर. तुमचा ३५२चा प्रोब तिथे कॅलिब्रेट केलेला नसेल, तर वेगळा लागेल. तो किलोवॉटभराचा असतो आणि सीडब्ल्यू असतो, म्हणून पल्सच्या ५ किलोवॉटपुढे छोटा वाटतो. पण त्याची वेव्हगाइड वारंवार सुटी होते, प्लाझ्मा ट्यूनिंगसाठी. शिवाय आयन सोर्सला हायड्रोजन लागतो. हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत तो पेटतो आणि पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, सैल फ्लॅन्जवरच्या ठिणगीत त्याहून कितीतरी जास्त असतात. हायड्रोजनचा डिटेक्टर छतापाशी लावा, आणि तो ३५२च्या पल्सने खोटा अलार्म देत नाही ना, हे पहिल्या १०० किलोवॉटलाच तपासा. खोटे अलार्म यायला लागले की कोणीतरी त्याची वायर काढून ठेवतं. केबल शिल्डेड घ्या, शिल्ड डिटेक्टरच्या डब्यालाच चहूबाजूंनी क्लॅम्प करा, शेपटी काढून जोडू नका.